अख्ख्या वर्गाचं एक नाणं

संघप्रिया बनसोडेच्या पीएच.डी.चा विषय कळला की माणसं आधी हसायची आणि मग विचारायची, कॉपीवर पीएच.डी. करतेस का कॉपी करून करतेस? हा विनोद आपणच पहिल्यांदा केला, असं प्रत्येकाला वाटायचं. स्टाफरूममध्ये, लग्नाच्या पंगतीत, अगदी विद्यापीठातल्या खिडकीपलीकडच्या कारकुनानंसुद्धा तो करून झाला होता. सुरुवातीला तिला राग यायचा. पुढं पुढं तीच आधी सांगून टाकायची, "करून नाही हो, कॉपीवर," आणि विषय संपवायची. रागवून तरी किती जणांवर रागवायचं!

विषय तसा साधा होता. कॉलेजातली पोरं कॉपी का करतात आणि नक्की किती जण करतात. सगळ्यांना वाटतं, त्यात काय, हे तर आपल्याला ठाऊकच आहे. प्राध्यापकांना विचारा, म्हणतील हल्लीची पोरं आळशी. पालकांना विचारा, म्हणतील प्राध्यापक शिकवतात कुठं? पोरांना विचारा, म्हणतील आम्ही नाही बा, तो पलीकडच्या बाकावरचा करतो. संघप्रियाचं म्हणणं एवढंच होतं की अंदाज बास झाले, एकदा नीट विचारून तरी बघू.

ती मानसशास्त्र शिकवायची, तेही तासिका तत्त्वावर. सकाळी एका कॉलेजात, दुपारी दुसऱ्या. तास घेतला तर मानधन, सुट्टी लागली की बसा घरी. होटगीहून स्कूटीवर सोलापूर गाठायचं, दोन्हीकडचे तास उरकायचे आणि परत यायचं. उन्हाळ्यात तोंडाला ओढणी गुंडाळून निघाली की तिचे विद्यार्थीसुद्धा तिला ओळखायचे नाहीत. अशी बरीच वर्षं गेली. मग सोलापुरातल्याच एका कॉलेजात तिच्या विषयाची कायमची जागा निघणार असल्याची बातमी आली. पक्की बातमी. फक्त अर्ज करायच्या आत पीएच.डी. पूर्ण झालेली पाहिजे. म्हणजे प्रबंध मार्चअखेर विद्यापीठात जायलाच हवा होता, नाहीतर ती जागा गेली. आणि अशी जागा परत कधी निघेल हे देवालाही सांगता आलं नसतं, सरकारला तर नाहीच नाही.

घरात बाप-लेक दोघंच. वडील यशपाल होटगी जंक्शनवर रुळांचे सांधे बदलणारे पॉइंट्समन होते, आता निवृत्त. तिनं पीएच.डी.ला नाव घातलं त्याच आठवड्यात त्यांनी गावभर सांगून टाकलं, आमची संघा डाक्टर होणार. 'होणार' हा शब्द लोकांनी कधीच सोडून दिला. दर रविवारी कुणीतरी गुडघे घेऊन, कुणीतरी खोकला घेऊन दारात. ती समजावून सांगायची, मावशी, मी तसली डॉक्टर नाही. मावशी म्हणायची, असू दे की, नुसतं बघ तरी. शेवटी तिला बघावं लागायचं आणि सरकारी दवाखान्यात जा म्हणून सांगावं लागायचं. आप्पांना, म्हणजे वडिलांना, यात काहीच वावगं वाटायचं नाही. उलट ते आतून पाणी घेऊन यायचे.

आप्पांची आणखी एक खोड या गोष्टीत उपयोगी पडणार आहे. ते फोननं पैसे देत नसत. हल्ली भाजीवालीकडं स्कॅनर, चहावाल्याकडं स्कॅनर, पण आप्पांचा कशावर विश्वास नाही. "जे हातात वाजत न्हाय ते पैसं कसलं," असं म्हणायचे. त्यामुळं सुट्टे परत मिळाले की दुधाच्या पावडरच्या एका मोठ्या डब्यात टाकायचे. डबा जड झाला होता, आणि त्याला हात लावायची परवानगी फक्त संघप्रियाला होती, तीही अभ्यासासाठी.

अभ्यासाला नाणी कशाला? तर ऐका. समोर उभं करून विचारलं, बाळा, तू कॉपी केलीस का, तर कोण हो म्हणेल? नाव लिहू नका म्हटलं तरी पोरं घाबरतात, सर अक्षर ओळखतील म्हणून. म्हणून असल्या गोष्टींचा अभ्यास करणारे एक युक्ती वापरतात. प्रत्येकानं आपापलं नाणं उडवायचं, कुणाला दाखवायचं नाही. छापा पडला तर सरळ 'हो' लिहायचं, कॉपी केलेली असो वा नसो. काटा पडला तर मात्र खरं काय ते लिहायचं. आता 'हो' लिहिलेला कागद हातात आला तरी तो 'हो' पोराचा आहे का नाण्याचा, हे कुणाच्या बापाला कळत नाही. पोरगं सुरक्षित. पण शंभरांत साधारण पन्नासांना छापा पडणारच. मग सत्तर 'हो' आले तर त्यातले पन्नास नाण्याचे, आणि काटा पडलेल्या उरलेल्या पन्नासांत वीस जणांनी खरंच कॉपी केलेली. एकाचंही नाव उघडं पडत नाही आणि वर्गाचं खरं मात्र कळतं. संघप्रियाचा या युक्तीवर फार जीव होता. खरं सांगायला माणसाला आधी सुरक्षित वाटलं पाहिजे, हे तिला मनापासून पटलं होतं.

कागदावर जरा सभ्य शब्दांत छापलं होतं, शिक्षणात कधी खोटेपणा केला आहे का, आणि त्याखाली एक मोकळा प्रश्न होता. विद्यार्थी कॉपी का करतात? स्वतःचं असो की पाहिलेलं, एखादं खरं कारण लिहा.

पहिले काही वर्ग तिनं स्वतः केले. पिशवीत आप्पांचा डबा, हातात कागदांचा गठ्ठा. प्रत्येकाला एक नाणं द्यायची, युक्ती समजावायची, बाकांमधून फिरायची, शेवटचा कागद पेटीत पडेपर्यंत हलायची नाही. पोरं आधी खिदळायची, मग नाणं तळहाताखाली झाकून एकदम गंभीर व्हायची. उत्तरं अशी आली की वाचताना तिला चहा घ्यायची शुद्ध राहायची नाही. एकानं पर्यावरणाच्या प्रकल्पाबद्दल लिहिलं होतं. उजनीच्या पाणथळावर येणाऱ्या रोहित पक्ष्यांचा तो प्रकल्प म्हणे त्यांच्या कॉलेजात कित्येक वर्षं फिरतोय, दर वर्षी फक्त पहिलं पान बदलतं. आम्ही कुणी उजनी बघितलेली नाही, आणि मॅडमनी प्रकल्प उघडून बघितलेला नाही, मग फसवलं कुणी कुणाला? 

पण फेब्रुवारी संपत आला आणि वर्ग बरेच राहिले. तास चुकवले तर मानधन जायचं. त्यात परीक्षेची कामं. मग तिनं जे चारचौघं करतात ते केलं. राहिलेल्या वर्गांचे गठ्ठे ओळखीच्या प्राध्यापकांकडं दिले. एक टेंभुर्णीला गेला, बाकीचे इकडंतिकडं. डबा एकच, तो किती ठिकाणी फिरणार? नाणी काय, पोरांच्या खिशात असतीलच की, असा विचार तिनं केला.

यातला एक वर्ग तिचा स्वतःचा होता, दुपारच्या कॉलेजातला. त्या पोरांना तिनं शब्द दिला होता, मी स्वतः येईन, तुमचे कागद माझ्याशिवाय कुणाच्या हाती लागणार नाहीत. नेमकी त्याच दिवशी सकाळच्या कॉलेजात तपासणीची समिती आली आणि प्राचार्यांनी तिला हलू दिलं नाही. तिनं फोन करून दुसऱ्या एका सरांना तेवढं उरकून घ्यायला सांगितलं. ते म्हणाले, त्यात काय, घेतो. आणि प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात तिनं आधीच लिहून ठेवलं होतं: प्रत्येक वर्गात संशोधिका स्वतः उपस्थित होती. ते वाक्य खोडायचं तिच्या डोक्यातही आलं नाही.

गठ्ठे परत आले. एका रविवारी दुपारी ती पंख्याखाली बसून कागद उलगडायला लागली. आपल्या वर्गाचा गठ्ठा आधी घेतला. पहिला हो. दुसरा हो. तिसराही. गठ्ठा संपला तरी एकही 'नाही' निघाला नाही. मग टेंभुर्णीचा घेतला. तिथं सगळेच्या सगळे 'नाही'. टेंभुर्णीत हरिश्चंद्राचे एवढे अवतार कधी झाले, असं तिला क्षणभर वाटलं आणि मग लक्षात आलं. नाणी उडवली असती तर असं होणंच शक्य नव्हतं.

मग ती आपल्या वर्गाच्या खालच्या उत्तरांकडं वळली. पहिल्या कागदावर लिहिलं होतं, अम्मीचं डायलिसिस चालू होतं, मी तिच्यापाशी दवाखान्यात असायचे, पुस्तक उघडलं की डोळा लागायचा, नापास झाले असते तर घरच्यांनी शिकणं बंद केलं असतं, म्हणून चिठ्ठी नेली. संघप्रियाचं काळीज हललं. दुसरा कागद घेतला. त्यावरही अम्मीचं डायलिसिस. तिसऱ्यावर अम्मी. चौथ्यावर अम्मी. पोरांनी फार तर 'असायचे'चं 'असायचो' केलं होतं, बाकी काना-मात्रेचा फरक नाही. कुंभारी, वळसंग, अक्कलकोट, कुठकुठून एसटीच्या पासवर येणारी ही पोरं. माळी, धनगर, लिंगायत, बौद्ध, सगळ्यांच्या अम्मी एकाच वेळी दवाखान्यात. एरवी तिला हसून हसून ठसका लागला असता. आता मात्र हसू आलं नाही, कारण ही अम्मी कुणाची, हे तिला लगेच कळलं. आणि ते तिलाच काय, कुणालाही कळायला नको होतं.

वर्गात आईला अम्मी म्हणणारी एकटी आफरीन, ती पहिल्या बाकावर बसायची. आठवून बघितलं तर आता बसत नव्हती. दुसऱ्या दिवशी तास संपल्यावर संघप्रियानं तिला थांबवलं. आफरीनची आई चांदबी खरंच आजारी होती, आठवड्यातून दोनदा दवाखाना.  आफरीन ओढणीचं टोक पिळत एकेक सांगायला लागली. सरांनी कागद वाटले आणि ते बाहेर जाऊन फोनवर बोलत उभे राहिले. नाणं उडवा म्हणाले होते, पण नाणं होतं कुणाकडं? सगळ्यांचं सगळं फोनवर. शेवटी बिभीषणच्या खिशात एक रुपया निघाला. तो बाकावर उभा राहिला, सगळ्यांच्या वतीनं त्यानं तो उडवला, छापा पडला, आणि अख्ख्या वर्गानं 'हो' लिहिलं.

संघप्रियानं कपाळाला हात लावला. प्रत्येकानं वेगळं उडवायचं असं लिहिलेलं होतं की, असं ती म्हणाली. आफरीननं तिच्याकडं खरोखरीच्या आश्चर्यानं बघितलं. एकानं उडवलं की सगळ्यांचं झालं की मॅडम, असं तिचंही म्हणणं. एकट्यानं कशाला करायचं?

आणि खालचं उत्तर?  काय लिहायचं कळंना म्हणून बिभीषणनं तिचा कागद ओढून घेतला. तिची टिपणं तो नेहमीच घेतो, तिला वाटलं बघून परत देईल. कागद शेवटच्या बाकापर्यंत फिरून आला. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. पोरांना वाटलं, प्रश्न आहे म्हणजे त्याचं बरोबर उत्तर असणार, आणि बरोबर उत्तर असेल तर ते आफरीनकडं असणार. स्वतःबद्दलचा प्रश्न, पण त्यातही चुकायची भीती! आता मात्र वर्गात कुणाचा अभ्यास झालेला नसला की मागून कुणीतरी विचारतं, काय रे, अम्मी दवाखान्यात का? आणि सगळे हसतात. म्हणून ती शेवटच्या बाकावर गेली होती.

"मी खरं लिहिलं होतं मॅडम," आफरीन म्हणाली. "तुम्ही येणार म्हणाला होता म्हणून लिहिलं."

संघप्रियाला तोंडात मारल्यासारखं झालं. आफरीन वर बघत नव्हती, तेवढंच बरं होतं.

तिथून ती थेट महेश्वर सरांकडं गेली. महेश्वर सर तिचे गाईड. माणूस वाईट नाही हो. तिच्या फीच्या वेळी विद्यापीठात खेटे घातलेले, तिच्यासाठी दोनदा मुदत वाढवून आणलेली. त्यांनी सगळं ऐकलं आणि ते आधी पोटभर हसले. मग म्हणाले, आता परत वर्ग घ्यायला वेळ कुठंय? परीक्षा तोंडावर. नवी पेठेत सिद्धलिंग म्हणून एक पोरगा आहे, प्रबंधांची आकडेमोड करतो, त्याच्याकडं दे, तो बघून घेईल. संघप्रियानं विचारलं, बघून घेईल म्हणजे काय? सरांनी तिच्याकडं असं बघितलं, की एवढं शिकून तू अशीच राहिलीस का गं. म्हणाले, हा प्रबंध दोन माणसं वाचणार. एक मी आणि एक बाहेरचा. बाहेरचा फक्त शेवटचं प्रकरण वाचतो.

ती गेली. हे लपवण्यात अर्थ नाही. जागा दिसत होती, आप्पा दिसत होते, आणि इतकी वर्षं ओढणी गुंडाळून केलेल्या फेऱ्या दिसत होत्या. गठ्ठे घेऊन ती नवी पेठेतल्या त्या माडीवर चढली. सिद्धलिंग भलताच नम्र निघाला. चहा मागवला, गठ्ठे चाळले, मान डोलावली. असलं त्याला रोजचंच होतं.

"मॅडम, निष्कर्ष काय काढायचाय तेवढं सांगा," तो म्हणाला. "आकडे मी बसवतो."

संघप्रियानं चहाचा कप खाली ठेवला. मग त्यानंच सुचवलं, कॉपी करणारे साठ टक्के धरू या. साठला कुणी भांडत नाही. ती हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. गठ्ठे तिथंच ठेवून खाली उतरली. गप्प बसून काम झालं की हात स्वच्छ राहिल्यासारखे वाटतात, तसं तिला वाटलं. 

चार-पाच दिवसांत गठ्ठे परत आले, बरोबर फाईल आली. देखणी फाईल. रंगीत चकत्या, उभे खांब, खाली बारीक अक्षरात टक्के. बरोबर साठच्या आसपास. होटगीच्या घरात ओट्याशेजारच्या टेबलावर तिनं लॅपटॉप उघडला तेव्हा आप्पा मागं येऊन उभे राहिले आणि चकत्या बघून खूश झाले. झालं का, असं विचारलं. ती म्हणाली, झाल्यासारखंच. आप्पा चप्पल घालून बाहेर पडले, आता हे स्टेशनापर्यंत पोचणार हे तिला कळलं.

मग ती कारणांच्या तक्त्यावर आली. आळस, अभ्यासक्रमाचा बोजा, पालकांची अपेक्षा, मोबाईल. सगळी शहाणी कारणं. तिनं वरपासून खालपर्यंत दोनदा बघितलं. घरातलं आजारपण कुठंच नव्हतं. तिनं सिद्धलिंगला फोन लावला. तो म्हणाला, एका वर्गात सगळी एकसारखी उत्तरं होती ना, ती काढून टाकली, ठेवली असती तर परीक्षकानं धरलं असतं.

"त्यातलं एक खरं होतं," संघप्रिया म्हणाली.

"असेल की मॅडम. पण कुठलं, ते कसं ओळखायचं?"

पोरगा बरोबर बोलत होता, हेच तर वाईट होतं. साऱ्या वर्गात एका मुलीनं जिवावर उदार होऊन खरं लिहिलं होतं, कुणाच्या तरी शब्दावर. वर्गानं ते उचललं, आणि आता उचललेल्यांबरोबर तेही केराच्या टोपलीत गेलं. त्या रंगीत चकतीत साठ टक्के पोरं होती आणि आफरीन नव्हती. संघप्रियानं लॅपटॉप मिटला. मग रडली. स्वतःचा एवढा राग तिला आयुष्यात आला नव्हता. पोरांना निदान बरोबर उत्तर कुणाकडं तरी आहे असं वाटलं म्हणून त्यांनी बघून लिहिलं. हिला तर ठाऊक होतं, की उत्तर कुणाकडंच नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं महेश्वर सरांना सांगितलं, मी ही फाईल लावणार नाही आणि मार्चला प्रबंध देणार नाही. सर चिडले. इतके चिडले की शेजारच्या खोलीतले लोक डोकावून गेले. पोरी, पुढं आलेलं ताट का लाथाडतेस, असं म्हणाले. कुणाला कळणार आहे, असंही म्हणाले.  तिनं एवढंच सांगितलं, की तिसऱ्या प्रकरणात मी हजर होते असं लिहिलंय आणि मी हजर नव्हते, सुरुवात तिथून झाली. शेवटी सरांनी मुदतवाढीच्या अर्जावर सही केली आणि पेन टेबलावर आपटला. मुदत मिळाली. जागा मात्र गेली. तिथं पुढं दुसऱ्या एक बाई आल्या, त्यांची पीएच.डी. झालेली होती.

आप्पांना सांगणं सगळ्यांत अवघड गेलं. ते बाजेवर बसून ऐकत होते. तिनं नाणं, वर्ग, फाईल, सगळं सांगितलं, काही वगळलं नाही.

"म्हंजे अजून डाक्टर न्हाय," ते म्हणाले.

"नाही आप्पा."

"लोकास्नी काय सांगू मग?"

"सांगा, अजून शिकतीय."

आप्पा उठून बाहेर गेले. पुढचे कितीतरी दिवस ते तिच्याशी कामापुरतंच बोलले. जेवायला वाढ, पंखा बंद कर, इतकंच. त्यांना वाईट वाटलं होतं आणि ते त्यांनी लपवलं नाही. आणि तिलाही वाटलं, यांचं काय चुकलं? रविवारच्या मावश्याही हळूहळू कमी झाल्या, बातमी पोचली असावी.

जुलैत कॉलेजं सुरू झाली. तोच वर्ग आता शेवटच्या वर्षाला आला होता. तिनं आप्पांकडं डबा मागितला. त्यांनी तो फळीवरून काढला, झाकण घट्ट आहे का बघितलं आणि तिच्या हातात दिला. "समदी परत आण," म्हणाले. बऱ्याच दिवसांनी ते आपणहून काही बोलले, म्हणून तिला उगाच हसू आलं.

वर्गात गेल्यावर तिनं आधी दार लावून घेतलं. मग सांगितलं, मागच्या वेळी मी येते म्हणाले होते आणि आले नाही. त्या कागदांचं मी काही करणार नाही, ते मी बाजूला ठेवलेत. आज परत विचारणार आहे, आज मी इथंच आहे. ज्याला लिहायचं नाही त्यानं कोरा कागद टाकला तरी चालेल. आणि मागच्या वेळी ज्याचं कुणाचं लिहिलेलं वर्गभर फिरलं, त्याला माझ्यामुळं त्रास झाला, हेही माझंच चुकलं. तिनं कुणाकडं बघितलं नाही. शेवटच्या बाकाकडं तर मुळीच नाही.

नाणी वाटून झाली. पोरं ती उलटीपालटी करून बघत होती. बिभीषणनं हात वर केला. पोरगा आगाऊ होता, पण मनाचा वाईट नव्हता, आणि त्याचा प्रश्नही सरळच होता.

"मॅडम, तुम्ही पण उडवा की. आम्हीच का?"

वर्ग हसला. संघप्रियानं यावर कधी विचारच केला नव्हता. प्रश्न विद्यार्थ्यांसाठी होता: शिक्षणात कधी खोटेपणा केला आहे का? पण तीही अजून विद्यार्थिनीच होती की. तिनं डब्यातलं एक नाणं घेतलं, उडवलं, मनगटावर झाकलं आणि तळहात किंचित उचलून बघितलं. काटा. म्हणजे खरं लिहायचं. तिनं टेबलावर वाकून कागदावर 'हो' लिहिलं, घडी घातली आणि पहिला कागद म्हणून पेटीत टाकला. तो 'हो' कुणाचा, हे वर्गाला कळायचा प्रश्न नव्हता. 

मग सगळीकडं नाण्यांचे आवाज झाले. एखादं बाकाखाली गेलं, कुणी वाकून शोधलं. पोरं लिहायला लागली. संघप्रिया बाकांमधून फिरत होती आणि तिचं सगळं लक्ष मागं होतं. आफरीन नाणं मुठीत धरून बसली होती. कागद कोरा. कोरा टाकला तरी चालेल असं आपणच सांगितलंय, हे संघप्रियानं मनाला बजावलं आणि ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. एकेक जण उठून पेटीत कागद टाकायला लागला.

थोड्या वेळानं तिनं वळून बघितलं. आफरीननं नाणं उडवून कधीच बाजूला ठेवलं होतं आणि ती खाली मान घालून लिहीत होती. ओळीखाली ओळ. पुढच्या बाकावरच्या बिभीषणला खालच्या प्रश्नाचं काही सुचत नसावं. त्यानं सवयीनं मान मागं वळवली आणि तिच्या कागदाकडं बघितलं.

आफरीननं कोपर आडवं घातलं आणि लिहीत राहिली.